विवाहास सर्वथा योग्य

"डॉक्टर, रोगांचा तुमच्याइतका अनुभव बार्शीत दुसऱ्या कुणाला आहे?" असं म्हणत अॅडव्होकेट बुरगुटे माझ्या दवाखान्यात शिरले, तेही मागच्या दारानं.

या मागच्या दाराचं जरा सांगायला हवं. माझ्या पाटीवर 'त्वचारोग' ठळक अक्षरांत आहे आणि 'व गुप्तरोग' त्याखाली बारीक. त्वचेचे पेशंट पुढून येतात, बारीक अक्षरवाले मागच्या बोळातून. बुरगुटे वकील चाळिशीत असताना एकदा मागून आले होते. बरे झाले, पुढे वाचनालयाचे अध्यक्ष झाले, गावात त्यांच्या शब्दाला वजन आलं; पण पायांना लागलेली सवय काही सुटली नाही. (नावं मी बदलली आहेत. उगाच कुणी बार्शीत पाटी शोधत फिरू नये.)

ही तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. दिल्लीत सुप्रीम कोर्टापुढे समलिंगी विवाहाची सुनावणी चालू होती, आणि इकडे आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेला माणूस फिरकत नव्हता. 'आनंदी जीवनाची गुरुकिल्ली' ऐकायला अठरा डोकी आली, त्यांतली सात समितीची.

"शनिवारी परिसंवाद ठेवलाय," बुरगुटे म्हणाले. "समलिंगी विवाह: हवा की नको? पेपरात रोज तेच चाललंय, हॉल भरेल. संस्कृतीवर मी बोलतो, कायद्यावरही मीच बोलतो. पण हल्ली लोकांना शास्त्र लागतं. तुम्ही या लोकांच्या रोगांवर बोला."

"आणि 'हवा' म्हणणारं कोण?"

"लातूरच्या एका प्राध्यापकाला सांगितलंय. आला तर आला. खुर्ची ठेवू."

"शास्त्र म्हणून नेमकं काय सांगायचं?"

"शास्त्र तुमचं, डॉक्टर. निष्कर्ष समितीचा."

इथं मी उठून त्यांना पुढच्या दारानं बाहेर काढायला हवं होतं. पण माझंही एक दुखणं होतं. तीस वर्षं या गावात प्रॅक्टिस करत होतो. डोळ्यांच्या डॉक्टरला गावानं दोनदा शाल पांघरली, दातांचा डॉक्टर तर कोजागिरीला कविता वाचायचा. मला कुणी कधी व्यासपीठावर बोलावलं नव्हतं. गुप्तरोगवाल्याचा सत्कार करायचा म्हटलं, तर कुठल्या कार्याबद्दल म्हणून निवेदकानं सांगायचं? मी हो म्हणालो. वेळ किती मिळेल तेवढं विचारलं.

आकड्यांसाठी बुरगुट्यांनी मला वाचनालयाच्या ग्रंथपाल शेटेबाईंकडे धाडलं. पंचेचाळिशीच्या, सुती साडीतल्या, कमी बोलणाऱ्या बाई. नवरा कसल्याशा आजारानं लवकर गेला आणि तेव्हापासून त्या वाचनालयात आहेत, एवढं मला ठाऊक होतं. चौदा वर्षं त्यांच्या हातून पुस्तकं घेत होतो. त्यापलीकडे मी कधी चौकशी केली नव्हती. मी सरकारी अहवाल घेऊन बसलो, त्या कॉम्प्युटरवर तक्ता करू लागल्या.

आकडे खोटे नव्हते, हे आधीच सांगतो. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत एचआयव्हीचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त होतं. मी तो रकाना तांबड्या रंगात करायला सांगितला.

"आणि हा?" बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "'पतीकडून पत्नीस'."

"तो सोडा. विषयाला धरून नाही."

"बराच मोठा आहे."

"बाई, विषय समलिंगी विवाहाचा आहे. नवराबायकोच्या लग्नाचा नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. माउसची एक टिचकी, आणि रकाना गेला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "यांच्यात प्रमाण जास्त का, ते सांगणार आहात?"

"वीसच मिनिटं आहेत हो."

"बरं," त्या पुन्हा म्हणाल्या.

शनिवारी संध्याकाळी खरोखरच हॉल भरला. उकाड्यानं जीव चाललेला, पण लोक भिंतीला टेकून उभे. लातूरच्या प्राध्यापकानं एसटी बंद पडल्याचा फोन केला, तेव्हा 'हवा'च्या खुर्चीवर हारांची टोपली ठेवण्यात आली. बुरगुटे संस्कृतीवर पंचेचाळीस मिनिटं बोलले आणि कायद्यावर पाच. मग मी उठलो.

माझं भाषण बरं झालं, असं मला बोलताना वाटत होतं. तांबडा रकाना पडद्यावर आला, तसा हॉलमध्ये 'अरे बापरे' असा आवाज उठला. मी थोडा थांबलो. वक्त्यानं कुठं थांबावं हे मला तेव्हाच, आपोआप कळलं. मग एकेका रोगाचं नाव घेतलं, लक्षणं सांगितली, आणि चक्क टाळ्या पडल्या. रोगाला टाळ्या पडताना मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"म्हणजे डॉक्टर," बुरगुट्यांनी माइक ओढून घेतला, "अशा लग्नांना परवानगी दिली, तर हे रोग घराघरांत शिरणार?"

"वैद्यकीयदृष्ट्या सावध राहिलेलं बरं," मी म्हणालो. या वाक्याला काही अर्थ नव्हता. म्हणूनच त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या मिळाल्या.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त मामलेदारांनी, उन्हाळ्यात अंगावर पित्त उठतं त्याला काय करावं, असं विचारलं. मी सांगितलं. आणखी कुणाला काही, म्हणून बुरगुट्यांनी हॉलभर नजर फिरवली, तेव्हा कोपऱ्यात लॅपटॉपपाशी बसलेल्या शेटेबाई उभ्या राहिल्या.

"माझा एक प्रश्न आहे."

"बाई, तुम्ही चहाचं बघा ना जरा."

"चहा ठेवलाय. प्रश्न डॉक्टरांना आहे." त्या माझ्याकडे वळल्या. "तो तांबडा रकाना आहे ना, त्यातल्या किती पुरुषांची लग्नं झालेली आहेत?"

"म्हणजे?"

"म्हणजे बायको असलेले किती?"

"तशी वेगळी नोंद या तक्त्यात नाही."

"पण असतात ना?"

"असतात," मी म्हणालो. "बरेच असतात."

"मग त्यांच्या बायका कुठल्या रकान्यात?"

बाई वाकल्या, त्यांनी काहीतरी दाबलं आणि पडद्यावर दुसरा रकाना उभा राहिला. 'पतीकडून पत्नीस'.

"हा मी पुसला नव्हता, नुसता झाकला होता," त्या म्हणाल्या. "या रकान्यात मी आहे."

दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी खाली ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"माझे मिस्टर गिरीश शेटे. मल्लिनाथअप्पांचे थोरले. दोन हजार नऊ साली गेले, याच रोगानं. लग्नाआधी त्यांचं एकच माणूस होतं. मोहन. पाच वर्षं होतं. आमचं लग्न ठरलं आणि मोहन गाव सोडून पुण्याला गेला. मग मिस्टरांचं असं एक माणूस राहिलं नाही, सोलापूरच्या स्टँडजवळची लॉज राहिली. हे मला त्यांनीच सांगितलं, शेवटच्या वर्षी. तुम्ही म्हणता अशा माणसांनी लग्न केलं तर रोग घरात शिरेल. त्यांनी लग्न केलं होतं, डॉक्टर. माझ्याशी."

"बाई, हे व्यक्तिगत झालं," बुरगुटे म्हणाले. "व्यासपीठाची काही मर्यादा असते."

"मर्यादा पाळूनच लग्न लावलं होतं की, वकीलसाहेब. तुम्ही पंक्तीला होतात."

कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकलं. बाईंनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला होता.

"आमच्या वडिलांच्या कानावर आलं होतं की मुलगा लग्नाला तयार नाही, काहीतरी आहे. ते विचारायला गेले. तेव्हा अप्पांनी हा कागद पुढं केला." त्यांनी वाचून दाखवलं. वाचनालयाची सूचना वाचावी तितक्या सरळ आवाजात. "'श्री. गिरीश मल्लिनाथ शेटे यांची मी तपासणी केली असून रक्त निर्दोष आहे. मनाचा किंचित अशक्तपणा आहे, तो विवाहानंतर जाईल. विवाहास सर्वथा योग्य.' खाली सही आहे. कुणाची ओळखता येते का, डॉक्टर?"

मला वाचायची गरज नव्हती. 'सर्वथा' हा शब्द मी तेव्हा फार वापरायचो.

अठ्ठ्याण्णव साल असेल. मल्लिनाथअप्पा पोराला मागच्या बोळातून घेऊन आले होते. सव्वीस वर्षांचा, गोरा, हातांत हात गुंतवून बसलेला. अप्पांना मी बाहेर बसवलं आणि त्याला बोलतं केलं. अशा वेळी माणसाला कसं बोलतं करावं हे मला चांगलं जमायचं.

"मला बायकांची ओढ नाही, डॉक्टर," तो म्हणाला होता. "एक जण आहे. त्याच्याशिवाय मला काही नको."

"होतं असं वयात. लग्न झालं की जातं."

"नाही गेलं तर?"

"जातं रे."

तेव्हा लग्न हे आमचं हुकमी औषध होतं. पोरगा दारू पितो? लग्न करा. फिट येते? लग्न करा. गप्प गप्प असतो? लग्न करा. दुष्परिणाम झालेच, तर ते दुसऱ्याच कुणाला व्हायचे, आणि ती कधी तक्रार घेऊन आमच्याकडे यायची नाही. मी त्याचं रक्त तपासलं. ते स्वच्छ होतं. बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं दिली. उठताना त्यानं मला एकच विचारलं.

"आणि तिला काय सांगायचं?"

"तिला काय सांगायचंय? तुझी प्रकृती ठणठणीत आहे."

तो गेला, आणि मी त्याला साफ विसरलो. व्यासपीठावर उभा असताना मला सगळ्यांत जास्त त्याचंच आश्चर्य वाटलं, की मी किती सहज विसरलो होतो.

"गोपनीयता म्हणा," बुरगुटे हळूच पुटपुटले. "डॉक्टर, गोपनीयता म्हणा."

खरं सांगायचं, तर तो शब्द माझ्याही ओठांवर आला होता. पेशंटची माहिती जाहीर करता येत नाही. नियमही होता आणि पळवाटही. बाईंनी तो बहुधा माझ्या तोंडावर वाचला असावा.

"मिस्टर नाहीत. अप्पाही नाहीत," त्या म्हणाल्या. "राहिले मी. माझी परवानगी आहे."

"सही माझी आहे," मी म्हणालो.

"औषध काय दिलं होतं?"

"लग्न."

मागं कुणीतरी मोठ्यानं हसलं. डॉक्टरांनी विनोद केला असं त्याला वाटलं. पण बाकी कुणी हसेना, तेव्हा तोही थांबला. शेटेबाईंनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, लॅपटॉप बंद केला आणि त्या चहाचं बघायला गेल्या.

मग रीतसर आभारप्रदर्शन झालं. शाल आधीच आणलेली होती, तेव्हा तीही पांघरली. मे महिन्यातल्या त्या भट्टीत मी शाल पांघरून, हातात नारळ घेऊन, फोटोसाठी उभा राहिलो. तो एवढा एकच फोटो माझ्या आयुष्यातल्या सत्काराचा. सोमवारच्या स्थानिक पेपरात तो छापूनही आला: 'समलिंगी विवाहातील आरोग्यधोक्यांवर उद्बोधक परिसंवाद, प्रश्नोत्तरांत श्रोते रंगले'.

बुधवारी समितीची तातडीची बैठक लागली आणि मला तज्ज्ञ म्हणून बोलावणं आलं. विषयपत्रिकेवर एकच विषय होता: ग्रंथपालांची प्रकृती व सभासदांची भावना.

"पुस्तकांतून पसरतं का हो?" बुरगुट्यांनी विचारलं. शेटेबाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावरून त्यांच्याबद्दलच बोलणं चाललं होतं.

"नाही. पुस्तकानं नाही, हातानं नाही, कपानं नाही. गोळ्या नियमित चालू असल्या आणि विषाणू दबलेला असला, तर शरीरसंबंधातूनही नाही. त्यांची प्रकृती इथल्या निम्म्या लोकांपेक्षा चांगली असेल."

"ते शास्त्र झालं हो, डॉक्टर. आपल्याला लोकांत राहायचंय."

"परवा तर लोकांना शास्त्र लागतं म्हणालात."

"परवा विषय वेगळा होता."

मी आवाज चढवला. चढवला म्हणजे माझ्या मानानं. शास्त्र शनिवारी एक आणि बुधवारी दुसरं नसतं, असं काहीतरी म्हणालो आणि आता आपण बाईंची बाजू लढवणार, असं ठरवून खुर्चीत पुढं सरकलो. पण त्याची गरज पडली नाही. बाईंनी एक झेरॉक्स टेबलावरून बुरगुट्यांकडे सरकवली.

"दोन हजार सतराचा कायदा आहे. एचआयव्ही आहे म्हणून कुणाला कामावरून काढता येत नाही. रजेवरही पाठवता येत नाही. आपण वकील आहात, आपल्याला ठाऊक असेलच. बाकीच्यांसाठी आणलाय."

बुरगुट्यांनी चष्मा लावला आणि कायदा वाचला. कायद्यावर पाच मिनिटं बोलणारा माणूस तो वाचायला पुरता अर्धा तास घेतो, हे त्या दिवशी कळलं. विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला, आणि ती पुढची सभा अजून व्हायची आहे.

अकरा सभासदांनी वाचनालयातून नाव काढलं. त्यांतले सहा दिवाळी अंक आले तसे परत आले. फुकटात चाळीस अंक सोडण्याइतकी भीती टिकली नाही. माझ्याकडं म्हणाल, तर मागच्या बोळात महिनाभर शुकशुकाट होता. डॉक्टर आता सगळं माइकवर सांगतो, अशी बातमी पसरली होती. बुरगुटे रस्त्यात भेटले की मान डोलवत. काहीतरी मोठं आपण दोघांनी मिळून सोसलंय, असा त्यांचा चेहरा असे.

मी स्वतः वाचनालयात सहा महिने गेलो नाही. जायचं ठरवायचो, मग म्हणायचो, उद्या. ऑक्टोबरात कोर्टाचा निकाल लागला: अशा लग्नांना मान्यता नाही. पेढे वाटले बुरगुट्यांनी. दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी हिय्या करून गेलो. मनात चार वाक्यं जुळवून ठेवली होती. माफीची होती, पण जरा बरी जुळली होती.

वाचनालय रिकामं होतं. बाई काउंटरवर पुस्तकांवर तारखा मारत होत्या. त्यांच्या पायाशी प्रवासाची पिशवी भरून ठेवली होती. वर एका नव्या साडीची घडी दिसत होती, लालसर काठाची.

"या," त्या म्हणाल्या. "बऱ्याच दिवसांनी."

मी माझी चार वाक्यं म्हणालो. त्यांनी ती ऐकली. शिक्का थांबवला नाही, पण ऐकली.

"एक विचारू?" मी म्हणालो. "त्या दिवशी मी सही माझी म्हणालो नसतो, तर?"

"तर काय? कागद होताच की. तुमच्या 'हो'वर मी उभी राहिले नव्हते, डॉक्टर."

मला वाटतं, मला थोडं कौतुक हवं होतं. निदान, तुम्ही कबूल तरी केलंत, असं काहीतरी. ते काही आलं नाही. म्हणून मी पिशवीकडं बोट दाखवलं.

"कुठं निघालात?"

"पुण्याला. लग्न आहे."

"कुणाचं?"

"मोहनचं."

त्यांनी शिक्का बाजूला ठेवला.

"मिस्टर अंथरुणाला खिळले ना, तेव्हा मीच मोहनना पत्र टाकलं. ते आले. आठ महिने आमच्या घरी राहिले. एक दिवस मी पुसायचं, भरवायचं, एक दिवस त्यांनी. शेजाऱ्यांना मी मामेभाऊ म्हणून सांगितलं होतं. मिस्टर गेले तेव्हा उशाशी तेच होते. मी सोलापूरला माझ्या गोळ्या आणायला गेले होते. आता राजाभाऊ म्हणून एक आहेत. पोस्टातून रिटायर झाले. बारा वर्षं दोघं एकत्र राहतात. म्हटलं, करून टाका आता."

"पण कोर्टानं तर गेल्या महिन्यातच नाही म्हटलं."

"कागदाला नाही म्हटलंय. जेवायला कुठं म्हटलंय? दहा-बारा माणसं आहोत. मोहनकडून बहीण नाही कुणी, म्हणून करवली मी." त्या पहिल्यांदाच हसल्या. "या वयात करवली. आहेर काय करावा तेच सुचत नाही."

तो क्षण तसाच सोडून द्यावा, एवढं शहाणपण मला नव्हतं.

"मी येऊ का?" मी म्हणालो. "मागं बसेन. एकदा त्यांना भेटून..."

"नको."

त्यांनी ड्रॉवर लावून घेतला, किल्ली फिरवली. आवाज चढला नव्हता.

"मोहनना तुमचं नाव माहीत आहे, डॉक्टर."

बाईंनी घड्याळाकडं पाहिलं आणि माझं कार्ड पुढं ओढलं.

"पुस्तक कुठलं देऊ? जरा लवकर सांगा. साडेतीनची गाडी आहे माझी."